कोन सतरा

आडनाव खांबेटे, नोकरी वीज मंडळात,
ड्राफ्ट्समन, ग्रेड दोन.
बत्तीस वर्षं ऑफिसात हा एकच विनोद झाला,
बत्तीस वर्षं मी त्याला हसलो.

निवृत्त झाल्यावर इंदूरची, रामबागेतली खोली मुलाला दिली
आणि सांवेरच्या पुढे, खजुरिया-खुर्दला,
दीड बिघ्यात पेरू लावले.
शेजारी धापूबाई. तिचे बटाटे, तिची विहीर,
बांधावर शेंदूर फासलेला तिचा भेरू.

माघात बांबूच्या खुंट्या आल्या,
टोकाला लाल चिंधी.
दोन पोरं दुर्बिणीतून आमच्याकडे बघायची
आणि आम्ही त्यांना दिसायचो नाही.

धापूबाईने नोटीस आणली, ताटाखाली झाकून,
जशी काही निवून जाईल.
"बाबूजी, तम तो बोर्ड का था. बांचो, यो कंई लिख्यो है?"
वाचलं. चारशे केव्ही. मार्गपट्टा इतके मीटर.
पट्ट्यात झाड नको, घर नको,
विहीर असली तर असो.
"अन् भेरू?"
नोटिशीत भेरू नव्हता.

पलीकडच्या गावावरून अशी लाइन आधीच गेली आहे.
तिथली पोरं रात्री तारांखाली उभी राहतात,
हातात जुनी ट्यूबलाइट धरून.
ती पेटते. कशालाच न जोडलेली, फिकट, दुधाळ.
घरी तेव्हा वीज गेलेली असते.

सुनावणी तहसिलीत. खुर्च्या चाळीस, माणसं तीनशे.
गट्टूलाल म्हणाला, वीज नको असं कोण म्हणतंय?
आमचा पंप रात्री दोनला चालतो,
वीज काय असते ते आम्हाला विचारा.
साहेबांनी भिंतीवर नकाशा टांगला.
आणि जुनं पत्र हाती यावं, अक्षर आपलंच निघावं,
तशी मला ती रेघ दिसली.

रेघ आळशी असते. तिला सरळच जायचं असतं.
वळवायची तर कोन-मनोरा लागतो,
जाड लोखंड, खोल पाया, वरून मंजुरी;
हौस म्हणून कोणी वळवत नाही.
आणि ही सोळापर्यंत नाकासमोर आली होती,
एका नव्या कॉलनीच्या फाटकाशी थबकली होती,
अदबीने जरा बाजूला झाली होती
आणि धापूबाईच्या बटाट्यांत शिरली होती.

मी उठलो. "साहेब, कोन सतरा. ही इथे का वळली?"
साहेब पाणी प्यायले.
पंखा तेवढा बोलत राहिला.

टाळ्या मिळाल्या. मी त्या घेतल्या.
परतताना टेम्पोत आठवलं:
सत्त्याऐंशी साल, ट्रेसिंग पेपर, मागे उभे असलेले साहेब.
"खांबेटे, हा बगीचा जरा टाळा."
मी ब्लेडने शाई खरवडली,
रेघ अडीच मिलिमीटर खाली घेतली.
खाली एक वस्ती होती. नाव लांब होतं,
कागदावर बसेना, म्हणून लिहिलं नाही.
अडीच मिलिमीटर.
जमिनीवर सव्वाशे मीटर.
चहा आला तेव्हा कोणीतरी तोच विनोद केला असेल.

हे धापूबाईला सांगितलेलं नाही.
सांगेन.

पुढची तारीख तेवीस.
खुंट्या एका रात्रीत नाहीशा झाल्या, कोणी काढल्या विचारू नका.
धापूबाईच्या परसात गिलक्याचा वेल चढतोय,
बांबूला लाल चिंधी तशीच.
मी कागद पसरलाय. तिचा सर्व्हे नंबर, विहीर,
भेरू, बटाट्याचे वाफे, एकेक मोजून.
हात कापतो. रेघ सरळ येत नाही.
राहू दे.
कोपऱ्यात त्या वस्तीसाठी जागा सोडली आहे.
पहिलं अक्षर सि होतं.
की शि.